शेवटची पैज आणि तिची किंमत

पोकरच्या टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येक खेळाडूच्या हातात दोन पाने असतात आणि टेबलाच्या मध्ये टप्प्याटप्प्याने पाच सामायिक पाने उघडत जातात. आधी एकदम तीन, म्हणजे फ्लॉप. मग चौथे, म्हणजे टर्न. शेवटी पाचवे, म्हणजे रिव्हर. हे पाचवे पान उघडले की नशिबाचे काम संपते. आता कुणाचीही पाने सुधारणार नाहीत की बिघडणार नाहीत. नेमक्या अशा वेळी समोरचा खेळाडू मोठी पैज लावतो आणि आपल्या हातात धड भक्कम नाहीत, पण अगदी टाकाऊही नाहीत अशी मधली पाने असतात. तेवढीच रक्कम पुढे सरकवून त्याची पाने पाहायची, म्हणजे कॉल करायचा, की आपली पाने टाकून पॉटमधल्या, म्हणजे टेबलावर जमलेल्या, रकमेवरचा हक्क सोडायचा? गेली जवळपास शंभर वर्षे गणितज्ञांनी, व्यावसायिक खेळाडूंनी आणि अलीकडे संगणकशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला आहे. या सगळ्यांचे काम एकत्र ठेवून पाहिले तर एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. ‘समोरचा खोटे बोलतोय का?’ असा प्रश्न मनाशी धरणारा खेळाडू बहुतेक वेळा भरकटतो. ‘या किमतीला तो पुरेशा वेळा खोटे बोलतो का?’ असे विचारणाऱ्याला उत्तराची वाट सापडते. माणूस ओळखण्याच्या कलेलाही इथे जागा आहे, पण ती या हिशेबाच्या आत आहे.

सुरुवात किमतीपासून करायला हवी, कारण सगळ्या प्रश्नात तेवढी एकच गोष्ट आपल्याला नक्की माहीत असते. पॉटमध्ये १०,००० रुपये आहेत आणि समोरच्याने आणखी १०,००० लावले, असे धरू. आपण १०,००० भरले तर जिंकल्यावर त्याखेरीज २०,००० हाती येतात. म्हणजे तीनदा कॉल करून एकदा जिंकलो आणि दोनदा हरलो, तरी हिशेब बरोबरीत सुटतो. कॉल तोट्यात जाऊ नये यासाठी तीनांत एकदा, ३३ टक्क्यांहून किंचित जास्त वेळा, जिंकणे पुरते. पैज पॉटच्या निम्मी असेल तर ५,००० भरून १५,००० मिळतात, तेव्हा चारांत एकदा जिंकले तरी चालते. पैज पॉटच्या दुप्पट असेल तर २०,००० भरून ३०,००० मिळतात आणि पाचांत दोनदा जिंकावे लागते. डेव्हिड स्क्लान्स्की यांच्या १९८७ च्या ‘द थिअरी ऑफ पोकर’ या पुस्तकाने हा हिशेब खेळाडूंच्या एका पिढीच्या अंगवळणी पाडला. त्यापूर्वीही जाणते खेळाडू तो करत असत, पण इतक्या शिस्तीने मांडलेला तो क्वचितच वाचायला मिळे.

या साध्या भागाकारात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. पैज कितीही मोठी झाली तरी लागणारे यशाचे प्रमाण कधीच निम्म्यावर पोहोचत नाही. पॉटच्या दहापट पैज आली तरी साधारण ४८ टक्के यश पुरते. म्हणजे ‘मी बहुधा हरलोय’ एवढे कारण पाने टाकायला पुरेसे नाही. पॉटएवढ्या पैजेवर दहांपैकी सहा वेळा हरणारा खेळाडूही नफ्यात राहतो. माणसाच्या मनाला हे पटवून घेणे जड जाते. हरणाऱ्या प्रत्येक कॉलची टोचणी वेगळी लागते आणि टेबलावरचे बाकीचे खेळाडू तो पाहत असतात. पाने टाकून गमावलेला पॉट मात्र कुणाच्या नजरेत भरत नाही, कारण समोरच्याची पाने कधी उघडलीच जात नाहीत. दुसऱ्या टोकाला केवळ उत्सुकतेपोटी कॉल करणारे असतात. आपल्याकडे तीन पत्तीत दोघेच उरल्यावर पैसे भरून शो मागताना जी ओढ असते, तीच इथेही काम करते. त्याच्याकडे नेमके काय होते हे कळल्याशिवाय अशा माणसाला चैन पडत नाही, आणि त्या कळण्याची किंमत तो रात्रभर मोजत राहतो. किमतीचा हिशेब या दोन्ही सवयींना आळा घालतो.

किंमत कळली, पण समोरचा किती वेळा ब्लफ करत असेल, म्हणजे कमजोर पानांवर खोटी पैज लावत असेल, हे कसे ठरवायचे? या प्रश्नाचे पहिले खोल उत्तर पत्त्यांच्या अड्ड्यावरून आले नाही, ते गणिताच्या अभ्यासिकेतून आले. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये दोन प्रतिस्पर्ध्यांच्या खेळांविषयीचा आपला पायाभूत सिद्धांत प्रसिद्ध केला. १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासोबत लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरच्या एका सोप्या नमुन्याची सविस्तर चिकित्सा केली. तिचा निष्कर्ष असा की शहाणा खेळाडू सर्वांत भक्कम पानांवर पैज लावतो, सर्वांत कमजोर पानांपैकी काहींवरही लावतो आणि मधली पाने तशीच ठेवतो. ब्लफ म्हणजे स्वभावातला खोडकरपणा किंवा धाडस, अशी समजूत तोवर रूढ होती. ब्लफ ही खेळाच्या रचनेचीच गरज आहे, हे फॉन नॉयमन यांनी दाखवले. जो कधीच ब्लफ करत नाही त्याच्या भक्कम पानांनाही कुणी पैसे देत नाही, आणि जो सतत करतो त्याला प्रत्येक जण कॉल करतो.

हॅरॉल्ड कून यांनी १९५० मध्ये याहूनही लहान खेळ मांडला. त्यात फक्त तीन पाने आहेत. ती राजा, राणी आणि गुलाम आहेत असे समजू. दोघे खेळाडू एकेक नाणे मध्ये टाकतात, प्रत्येकाला एकेक पान मिळते आणि पैज लावायची तर एकाच नाण्याची लावता येते. पॉटमध्ये दोन नाणी असल्याने ही पैज निम्म्या पॉटची झाली. पहिल्या खेळाडूने पैज लावली आणि दुसऱ्याच्या हातात राणी असली, की आपला प्रश्न त्याच्या सर्वांत निर्मळ रूपात समोर येतो. राणी गुलामाला हरवते, राजाकडून हरते, आणि पैज लावणाऱ्याकडे दोघांपैकी काहीही असू शकते. कून यांचे उत्तर असे की पैज लावणाऱ्याने राजावर जितक्या वेळा पैज लावावी, त्याच्या एकतृतीयांश वेळाच गुलामावर लावावी. म्हणजे त्याच्या चार पैजांपैकी एक ब्लफ असेल. निम्म्या पॉटच्या पैजेला चारांत एकदा जिंकणे पुरते, हे वरच्या हिशेबात आलेच आहे. दोन वेगळ्या वाटांनी आलेली ही उत्तरे तंतोतंत जुळतात. राणीवाल्याने तीनांत एकदा कॉल करावा, राजा असेल तर नेहमीच करावा. दोन्ही मिळून तो एकंदर दोनतृतीयांश वेळा उभा राहतो, आणि मग गुलामावरचा ब्लफ फायद्याचाही राहत नाही आणि तोट्याचाही.

यातूनच आजच्या खेळाडूंच्या तोंडी असलेला ‘किमान बचावाचा’ नियम निघतो. पैज पॉटएवढी असेल तर त्या क्षणापर्यंत आपण जितक्या प्रकारच्या पानांसह पोहोचलो असू, त्यांपैकी निम्म्यांनी तरी टिकून राहावे. पैज निम्मी असेल तर दोनतृतीयांशांनी आणि दुप्पट असेल तर एकतृतीयांशांनी. याहून जास्त वेळा पाने टाकली तर समोरचा कुठल्याही रद्दी पानांवर ब्लफ करून आपोआप नफा कमावतो. नियम खरा आहे, पण त्याचा गैरवापरही तितकाच होतो. आपल्याला लुटता येऊ नये एवढीच हमी तो देतो. समोरचा खरोखर लुटायला निघाला आहे का, याबद्दल तो काहीच सांगत नाही. जो माणूस शेवटच्या टप्प्यावर फक्त अव्वल पानांनीच मोठी पैज लावतो, त्याच्यासमोर ‘निम्म्या वेळा टिकायलाच हवे’ म्हणून कॉल करत राहणे म्हणजे नियमाच्या नावाखाली पैसे उधळणे होय.

कून यांच्या उत्तरात आणखी एक गोष्ट आहे आणि ती या सगळ्या चर्चेचा कणा आहे. समोरचा अचूक प्रमाणात ब्लफ करत असेल तर राणीने कॉल केला काय आणि पाने टाकली काय, सरासरी हिशेब सारखाच येतो. ज्या निर्णयासाठी खेळाडू पाच-पाच मिनिटे डोके धरून बसतो, तो निर्दोष प्रतिस्पर्ध्यासमोर जवळजवळ शून्य मोलाचा असतो. मग अशा कॉलमधला नफा किंवा तोटा येतो कुठून? समोरचा त्या आदर्श प्रमाणापासून ज्या बाजूला ढळलेला असतो, तिथून. तो प्रमाणापेक्षा जास्त ब्लफ करत असेल तर मधल्या पानांनी केलेला प्रत्येक कॉल फायद्याचा ठरतो, आणि कमी करत असेल तर प्रत्येक कॉल तोट्याचा. गणित विरुद्ध अनुभव असा वाद पोकरविषयीच्या लिखाणात वारंवार घातला जातो. तो इथे मिटतो, कारण गणितच आपल्याला निरीक्षणाकडे पाठवते. फक्त कशाचे निरीक्षण करायचे, हे ते आधी नेमके सांगते.

हे निरीक्षण प्रत्यक्षात मोजणीच्या रूपात करावे लागते. टेबलावर इस्पिकचा राजा, इस्पिकची अठ्ठी, चौकटची चव्वी, किलवरची दुर्री आणि शेवटी बदामचा गुलाम अशी पाने आहेत, आणि आपल्याकडे चौकटचा राजा व किलवरची दश्शी आहे, असे समजू. आपली राजांची जोडी झाली. समोरच्याने पॉटएवढी पैज लावली. त्याच्याकडे आपल्याला हरवणारी कोणती पाने असतील? अठ्ठ्या, चव्व्या, दुर्र्या किंवा गुलामांची जोडी हातात असेल तर त्याची तीन सारखी पाने होतात. अशी प्रत्येक जोडी तीन प्रकारे मिळू शकते, म्हणजे एकूण बारा जुळण्या. राजा आणि गुलाम असतील तर दोन जोड्या होतात. पण एक राजा टेबलावर व एक आपल्याकडे असल्याने राजे दोनच उरले, गुलाम तीन उरले, म्हणून सहा जुळण्या. भक्कम पानांच्या अशा अठरा जुळण्या धरू. उलट बाजूला, इस्पिकच्या पाच पानांचा फ्लश पुरा होईल या आशेवर तो इथवर आलेला असू शकतो. इस्पिकचा एक्का आणि सोबत इस्पिकची राणी, दश्शी, नव्वी, सत्ती, छक्की, पंजी किंवा तिर्री, अशा सात जुळण्या. त्यांत इस्पिकचीच राणी-दश्शी, राणी-नव्वी, दश्शी-नव्वी, नव्वी-सत्ती, सत्ती-छक्की आणि छक्की-पंजी या सहा धरल्या की तेरा होतात. या तेरांच्या हाती शेवटी काहीच लागलेले नाही.

आता हिशेब सरळ आहे. या तेराही जुळण्यांनी तो ब्लफ करत असेल तर एकतीसपैकी तेरा वेळा, म्हणजे सुमारे ४२ टक्के, आपण जिंकतो. १०,००० च्या पॉटवर असा कॉल सरासरी अडीच हजार रुपये मिळवून देतो. तो त्यांपैकी निम्म्याच जुळण्यांनी ब्लफ करत असेल तर आपले यश २७ टक्क्यांच्या आत येते आणि तोच कॉल सरासरी दोन हजार रुपये बुडवतो. बरोबरीचा बिंदू नऊ ब्लफांवर आहे. मधला सगळा प्रश्न इतका नेमका होऊन बसतो की हा खेळाडू हुकलेल्या तेरा जुळण्यांपैकी नऊंहून अधिक वेळा पैज लावण्याइतका धीट आहे का? याचे उत्तरही अंदाजानेच द्यावे लागते, हे खरे. पण ‘याच्याकडे काहीतरी असणार असे वाटते’ या अंदाजापेक्षा तो फार वेगळ्या प्रतीचा आहे. तो तपासता येतो, दुरुस्त करता येतो आणि पुढच्या वेळी वापरता येतो.

याच उदाहरणात एक बदल करू. आपल्याकडे किलवरच्या दश्शीऐवजी इस्पिकची दश्शी आहे. पानांची ताकद तीच, राजांची जोडी तीच. पण इस्पिकची दश्शी आपल्या हातात असल्यामुळे समोरच्याकडे ती असू शकत नाही, आणि हुकलेल्या तेरांपैकी तीन जुळण्या बाद होतात. भक्कम जुळण्या मात्र अठराच राहतात. हुकलेल्या जुळण्यांपैकी तीनचतुर्थांश वेळा तो ब्लफ करत असेल, तर किलवरच्या दश्शीसह आपले यश ३५ टक्क्यांवर येते आणि इस्पिकच्या दश्शीसह २९ टक्क्यांवर. पहिल्या वेळी कॉल योग्य, दुसऱ्या वेळी पाने टाकणे योग्य. समोरच्याच्या शक्यता अडवून धरणाऱ्या अशा पानांना खेळाडू ब्लॉकर म्हणतात. मधल्या पानांपैकी कोणत्यांनी कॉल करायचा, हे ताकदीवरून क्वचित ठरते आणि ब्लॉकरवरून पुष्कळदा ठरते. ज्या पानांमुळे समोरच्याच्या भक्कम जुळण्या कमी होतात ती कॉलसाठी चांगली, आणि ज्यांमुळे त्याचे ब्लफ कमी होतात ती वाईट. तरीही याचा अतिरेक टाळायला हवा. ब्लॉकरने हिशेब पाच-सहा टक्के हलतो. समोरचा मुळात ब्लफच करत नसेल तर जगातला कुठलाही ब्लॉकर त्या कॉलला वाचवू शकत नाही.

कागदावरच्या या विचाराची खरी कसोटी संगणकांनी घेतली. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक पद्धत मांडली. तिच्यात संगणक स्वतःशीच असंख्य डाव खेळतो आणि ‘इथे वेगळे खेळलो असतो तर किती हाती आले असते’ याची नोंद ठेवत आपला खेळ सुधारत जातो. याच पद्धतीच्या सुधारित रूपाने २०१५ मध्ये त्यांनी, पैजेवर मर्यादा असलेला दोन खेळाडूंचा होल्डेम व्यवहारतः सोडवला गेल्याचे जाहीर केले. आयुष्यभर खेळूनही त्या उत्तरातला दोष माणसाला दिसणार नाही, इतके ते निर्दोष आहे. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या रिव्हर्स कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रणालीने चार अव्वल व्यावसायिक खेळाडूंशी पैजेची मर्यादा नसलेल्या होल्डेमचे १,२०,००० डाव खेळले आणि ती मोठ्या फरकाने जिंकली. २०१९ मध्ये प्लुरिबस या प्रणालीने सहा जणांच्या टेबलावरही माणसांवर मात केली. या यंत्रांना कुणाचा चेहरा दिसत नव्हता की कुणाच्या मनाची कल्पना नव्हती. तरीही शेवटच्या पैजेला कधी उभे राहायचे हे त्यांना जगातल्या उत्तम खेळाडूंपेक्षा चांगले कळत होते. मन वाचता आल्याशिवाय हा निर्णय घेताच येत नाही, या जुन्या समजुतीला याहून भक्कम उत्तर मिळणे कठीण आहे.

तरीही मन वाचण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे उदाहरणे आहेत आणि ती झटकून टाकण्यासारखी नाहीत. तीन वेळा जागतिक विजेता ठरलेल्या स्टू उंगरचा, १९९० चा विजेता मन्सूर मतलूबीविरुद्धचा एक कॉल पोकरविश्वात आजही सांगितला जातो. टेबलावर तिर्री, तिर्री, सत्ती, राजा, राणी अशी पाने होती. मतलूबीने सगळे पैसे लावले आणि उंगरने केवळ दश्शी-नव्वीवर, टेबलावरच्या तिर्र्यांखेरीज साधी जोडीसुद्धा नसताना, कॉल करून डाव जिंकला. मतलूबीकडे चव्वी-पंजी होती. हा अंतर्ज्ञानाचा चमत्कार म्हणून सांगितला जातो. पण पाने नीट पाहिली तर त्याच्यामागचा तर्क दिसतो. सुरुवातीच्या तीन पानांवर चव्वी-पंजी, पंजी-छक्की अशा जुळण्यांना पाच लागोपाठ पानांचा क्रम पुरा होण्याची आशा असते, आणि शेवटी आलेले राजा-राणी त्यांच्या कामाचे नसतात. अशा हुकलेल्या क्रमांना दश्शी हरवते, बाकी जवळजवळ कुणालाच नाही. उंगरला समोरच्याच्या शक्यता इतक्या अरुंद करता आल्या की त्या चिंचोळ्या पट्टीत दश्शीही पुरेशी ठरली. त्याची थोरवी खरी आहे, आणि ती याच मोजणीच्या वेगात व अचूकतेत आहे.

शरीरभाषेचा मुद्दा वेगळा काढून पाहायला हवा. २०१३ मध्ये मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना व्यावसायिक खेळाडूंच्या पैजा लावतानाच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. फक्त चेहरा पाहून पानांचा अंदाज बांधणाऱ्यांना त्याचा उपयोग झाला नाही. फक्त हातांची हालचाल पाहणाऱ्यांचे अंदाज मात्र नुसत्या योगायोगापेक्षा बरे निघाले. म्हणजे शरीर काही सांगते, पण आपण ज्या ठिकाणी पाहतो तिथे ते सांगेलच असे नाही, आणि जे सांगते तेही थोडेच असते. अशा खुणेने ३१ टक्क्यांचा अंदाज ३६ वर नेला आणि लागणारे प्रमाण ३३ असले, तर ती खूण निर्णायक ठरते. अंदाज १० टक्क्यांवर असेल तर तीच खूण निरुपयोगी आहे. खुणेचे मोल ठरवायलाही आधी हिशेब लागतो.

यापेक्षा वजनदार आक्षेप असा की खरी माणसे समतोल, म्हणजे त्या आदर्श प्रमाणात, खेळत नाहीत, मग समतोलाचे गणित काय कामाचे? आक्षेपाचा पहिला अर्धा भाग पूर्ण मान्य करायला हवा. लहान रकमांच्या टेबलांवर बहुतेक खेळाडू शेवटच्या टप्प्यावर मोठा ब्लफ करायला कचरतात, यावर अनुभवी खेळाडूंचे बऱ्यापैकी एकमत आहे. कारणही समजण्यासारखे आहे. तीन टप्पे पैसे घालून झाल्यावर हातात काहीच नसताना सर्वांत मोठी रक्कम पुढे सरकवणे माणसाच्या स्वभावाविरुद्ध जाते. विशेषतः आधीचे सगळे टप्पे नुसता कॉल करत आलेला शांत खेळाडू शेवटी एकदम चढवतो, तेव्हा त्याच्याकडे बहुधा खरोखरच भक्कम पाने असतात. उलट बाजूला काही आक्रमक खेळाडू प्रत्येक हुकलेल्या डावात पैज लावतात आणि त्यांच्यासमोर मधल्या पानांनी बिनदिक्कत उभे राहावे. पण कुणी कमी ब्लफ करतो किंवा जास्त करतो, असे म्हणताना कशापेक्षा कमी नि कशापेक्षा जास्त, हे सांगावे लागते. ती रेषा समतोलाचे गणितच आखून देते. रेषा माहीत नसलेला निरीक्षक हा माणूस भित्रा आहे एवढे सांगू शकेल. त्या भित्रेपणाचा या विशिष्ट पैजेवर काय परिणाम होतो, हे त्याला सांगता येणार नाही.

हिशेबाची परिस्थिती बदलली की उत्तरही बदलते, हे विसरून चालत नाही. कॅसिनो प्रत्येक पॉटमधून आपला वाटा कापून घेतो. १०,००० च्या आपल्या उदाहरणात त्याने ५०० रुपये कापले तर लागणारे यश ३३ वरून जवळपास ३४ टक्क्यांवर जाते. काठावरचे कॉल यातच बुडतात. स्पर्धेत फरक याहून मोठा असतो, कारण तिथल्या चिप्स म्हणजे थेट पैसे नव्हेत. दुप्पट चिप्स झाल्याने बक्षीस दुप्पट होत नाही, पण चिप्स संपल्या की स्पर्धा संपते. हे मूल्य मोजण्यासाठी आज जे प्रारूप वापरले जाते, त्याच्या मुळाशी डेव्हिड हार्विल यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीसारख्या चुरशींसाठी मांडलेले सूत्र आहे. बक्षिसांच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या खेळाडूला पॉटएवढ्या पैजेवर ३३ टक्के यश पुरत नाही. किती तरी अधिक लागते. पुढच्या मोठ्या स्पर्धेची सारखीच प्रवेशिका अनेकांना मिळणार असेल आणि आपली जवळपास पक्की झाली असेल, तर सर्वोत्तम पानेही टाकून देणे शहाणपणाचे ठरते. तिसरा खेळाडू अजून डावात असेल तर बचावाची जबाबदारी दोघांत वाटली जाते आणि एकट्याने उभे राहण्याची गरज कमी होते. नियम पाठ करणारा इथे फसतो आणि नियम कुठून आला हे जाणणारा सावरतो.

शेवटचा आक्षेप निकालाचा आहे, आणि तो सर्वांत जास्त गोंधळ घालतो. २००३ च्या जागतिक स्पर्धेत अखेरचे दोघे उरले असताना हौशी ख्रिस मनीमेकरने व्यावसायिक सॅम फार्हासमोर शेवटच्या पानावर सगळ्या चिप्स लावल्या. मनीमेकरचा फ्लशही हुकला होता आणि क्रमही. फार्हाकडे नव्व्यांची जोडी होती. बराच विचार करून त्याने पाने टाकली. पुढे मनीमेकर विजेता ठरला, २५ लाख डॉलर्स घेऊन गेला आणि पोकरची लाट जगभर पसरली. त्या एका डावामुळे ‘फार्हा चुकला’ असे आजवर म्हटले जाते. पण मनीमेकरची पाने काय होती, हा फार्हाच्या निर्णयाचा पुरावा होऊच शकत नाही, कारण निर्णयाच्या क्षणी ती त्याला दिसत नव्हती. त्याच्या जोडीला हरवणाऱ्या जुळण्या किती होत्या, हुकलेल्या किती होत्या, त्याच्या हातातल्या इस्पिकच्या राणीने फ्लशच्या शक्यता कितपत घटवल्या होत्या आणि इतक्या मोठ्या मंचावर हा अनोळखी हौशी खेळाडू किती वेळा ब्लफ करेल, यांवर त्या निर्णयाची पारख व्हायला हवी. कदाचित त्या पारखीतही कॉलच योग्य ठरेल. तरी तो योग्य ठरण्याचे कारण वेगळे असेल. ४२ टक्के यशाचा उत्तम कॉलही दहांपैकी जवळपास सहा वेळा तोंडघशी पाडतो. जो प्रत्येक पराभवानंतर आपली पद्धत बदलतो, त्याला कधीच पद्धत सापडत नाही.

हे सगळे ज्या खेळाविषयी आहे तो पैशाचा खेळ आहे आणि मराठी वाचकासमोर त्याची आजची स्थिती स्पष्ट मांडायला हवी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. गोव्यात राज्याच्या कायद्याखाली परवाना घेतलेले कॅसिनो आहेत आणि पणजीला मांडवीतल्या जहाजांवर पोकर खेळला जातो. जुगाराने घरे बुडतात हा आक्षेप खरा आहे आणि कुठलेही गणित त्याला उत्तर देत नाही. गमावल्यास आयुष्याला धक्का लागेल अशी रक्कम टेबलावर आणणाऱ्याचा निर्णय पहिल्या पानाआधीच चुकलेला असतो. तसा माणूस शेवटच्या पैजेसमोर हिशेब करूच शकत नाही, भीतीच त्याच्या वतीने ठरवते. बिनपैशाच्या चिप्सवर खेळूनही या प्रश्नातले सगळे शिकता येते, आणि शिकणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.

तर शेवटची पैज समोर आली की प्रश्न याच क्रमाने विचारावेत. या किमतीला मला किती वेळा जिंकावे लागेल? मला हरवणाऱ्या जुळण्या किती आणि हुकलेल्या किती? माझ्या हातातली पाने त्यांपैकी कोणत्या अडवतात? हा खेळाडू हुकलेल्या पानांनी प्रत्यक्षात किती वेळा पैज लावतो? आणि इथे चिप्सचे मोल पैशाइतकेच आहे का? चौथ्या प्रश्नाबद्दल काहीच माहिती नसेल तर लहान पैजेला कॉल करावा, आणि शांत, अनोळखी खेळाडूच्या मोठ्या पैजेला मधली पाने टाकून द्यावीत. बहुतेक टेबलांवर बहुतेक वेळा हेच उत्तर बरोबर ठरते. एकदा ठरवले की समोरची पाने काहीही निघोत, आपल्या निर्णयाला त्यांवरून गुण देऊ नयेत.